कितव्या डोळ्यावर?

पेरे असलेली कोणतीही वस्तू हातात आली की कुशावर्ता आधी तिच्यावरचे डोळे मोजायची. गंगाखेडच्या बसस्थानकाबाहेर एक रसवंती होती. रसवाला चरकात ऊस घालणार तोच ती म्हणायची, "थांबा भाऊ," आणि ऊस हातात घेऊन बुडख्यापासून शेंड्याकडे अंगठा फिरवायची. पेराजवळ जो बारीक उंचवटा असतो तो डोळा. नवे रोप किंवा नवी फांदी तिथूनच फुटते. रसवाला दरवेळी विचारायचा, "ताई, रस प्यायचाय का उसाचं लगीन जमवायचंय?" मोजून झाले की ती ऊस परत करायची आणि बिनबर्फाचा रस मागायची.

फळवाल्यांना ती याहून जास्त जड जायची. द्राक्षाचा घड उचलला की मण्यांकडे न बघता ती देठ बघायची. देठ हिरवा आहे की वाळला, कापलेल्या टोकाला काडीचा तुकडा आहे की नाही, हे बघून विचारायची, "कुठल्या बागेतले?" एका फळवाल्याने एकदा घड तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, "बाई, खायचे असतील तर घ्या. पंचनामा करायचा असंल तर तलाठ्याला घेऊन या."

कृषी पदवीची चार वर्षे ती माझ्या वर्गात होती. महाविद्यालय परभणी जिल्ह्यातलेच. नाव सांगण्याची गरज नाही. हजेरीपटावर तिचा क्रमांक तेवीस, माझा चोवीस. प्रात्यक्षिकाच्या जोड्या क्रमांकाने लागत. त्यामुळे इथे लिहिलेले बरेचसे मी हातभर अंतरावरून पाहिलेले आहे. पदवीनंतर मी वर्तमानपत्रात गेलो. ती शेतीतच राहिली, आणि शेतीतही फक्त द्राक्षात.

तिचे गाव राणीसावरगावपासून वर, माळावर. वडील मुंजाभाऊ आणि माय दोघेही दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. बारावीपर्यंत सुट्टी लागली की कुशावर्ताही फडावर असायची. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी तिला घट्टा होता. वर्गात लिहिताना पेन त्या घट्ट्याला टेकायचे, म्हणून तिचे अक्षर उलट्या बाजूला कललेले असे.

पहिल्या आठवड्यात उद्यानविद्येच्या सरांनी प्रत्येकाला उभे करून विचारले होते, पुढे काय व्हायचे आहे. वर्गात साठ जण होते. बहुतेकांनी स्पर्धा परीक्षा सांगितली, काहींनी बँक. तेवीस क्रमांक म्हणाली, "द्राक्षबागेत नोकरी."

सर हसले. "परभणी जिल्ह्यात? इथं कापूस आहे, सोयाबीन आहे, ऊस आहे. द्राक्ष कुठं आहे?"

"म्हणून तर शिकायला आलेय सर. इथं असते तर बापालाच इचारलं असतं."

वर्ग हसला. ती हसली नाही आणि सरांनी बसायला सांगेपर्यंत बसली नाही.

द्राक्षच का, हे तिने मला एकदाच सांगितले. एका वर्षी त्यांची टोळी सोलापूरकडे उतरली होती. उसाच्या बांधाला लागून द्राक्षबाग होती आणि तिथे उशिराची छाटणी चालली होती. दहा-बारा माणसे कापत होती. एक माणूस मात्र काही न कापता ओळीतून फिरत होता. प्रत्येक वेलीपाशी थांबायचा, काडी वाकवून बघायचा आणि कुठे कापायचे ते सांगायचा.

"फडातबी सांगणारा असतोच की," ती म्हणाली. "मुकादम. पण त्याला उसातलं काही कळायची गरज न्हाई. ह्या माणसाला येलीतलं कळत होतं, म्हणून समदे त्याचं ऐकायलते. मला तसला सांगणारा व्हायचं हाय."

चार वर्षांत तिने याशिवाय दुसरे काही मागितल्याचे मला आठवत नाही.

द्राक्षाला ती अंगूर म्हणायची. आमच्याकडे जुनी माणसे अंगूरच म्हणतात. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला दोनदा टोकले. तिसऱ्यांदा म्हणाले, "अहो, पदवी घेताय ना? द्राक्ष म्हणा."

ती म्हणाली, "द्राक्ष म्हणते सर. पण मायला समजून सांगायचं असंल तवा अंगूरच म्हणणार. तिलाबी शिकवायचंय मला."

परीक्षकांनी किती गुण दिले ते माहीत नाही. बाहेर आल्यावर ती एवढेच म्हणाली, "नाव बदलून घड बदलत असता तर अजून काय पाहिजे होतं."

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये महाविद्यालयाच्या छोट्या प्रायोगिक द्राक्षबागेत छाटणीचे प्रात्यक्षिक होते. त्या दिवशी जे झाले ते समजायला थोडी माहिती लागेल. द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास वेल जवळजवळ बोडकी करतात आणि प्रत्येक काडीचा बुडाकडचा एकच डोळा ठेवतात. ही खरड छाटणी. त्या डोळ्यातून नवी काडी येते आणि पुढच्या दोन महिन्यांत तिच्या डोळ्यांच्या आत घड तयार होतो, बाहेरून दिसत नाही असा. ऑक्टोबरमध्ये ती काडी कापतात, पण घड असलेला डोळा शिल्लक राहील अशा बेताने. ही फळछाटणी. काडी जास्त आखूड झाली तर वर्षाचे फळच कात्रीत जाते. सरांनी सांगितले होते, पाच डोळे ठेवा.

कुशावर्ताने पाच मोजून पहिली काडी कापली. दुसरीही मोजून कापली. मग हाताने वेग घेतला. ऊसतोडीत खोडकी ठेवलेली चालत नाही. ऊस जमिनीलगतच गेला पाहिजे, बोटभर उंच राहिला तरी मुकादम ओरडतो. तिच्या हाताला ते आणि तेवढेच माहीत होते. मी पलीकडच्या ओळीत होतो. मान वर केली तेव्हा तिच्या अकरा वेली एका डोळ्यावर आलेल्या होत्या.

मागून कोणीतरी ओरडले, "सर, कुशीनं ऊस तोडला!"

दुसरा म्हणाला, "आता मोळी बांध, ट्रॅक्टर यायलाय."

सर आले. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. "अकरा वेली," ते म्हणाले. "या ओळीला या वर्षी एक मणी लागणार नाही. काय करायचं आता?"

तिचे कान लाल झाले होते. पण आवाज नेहमीचाच होता. "ही ओळ माझ्या नावावर करा सर."

"म्हणजे?"

"ह्या अकरा येलींना दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई. पाणी मी देते, शेंडे मी मारते, छाटणी मी करते. चूक माझी हाय तर पुढं तिचं काय होतंय तेबी मलाच बघू द्या."

सरांनी खांदे उडवले. तिने तो होकार धरला.

त्या हिवाळ्यात बाकी ओळींना घड लागले आणि मुले घडांशेजारी उभी राहून फोटो काढू लागली. कुशावर्ताने आपल्या ओळीत, नुसत्या पानांपुढे उभे राहून फोटो काढून घेतला. तो मी काढला. ती फोटोत सरळ कॅमेऱ्याकडे बघते आहे.

एप्रिलमध्ये खरड छाटणी आली. आमच्या तीन-तीन वेली होईपर्यंत तिच्या अकराही संपल्या होत्या. सरांनी एकेक काडी तपासली. सगळ्या एका डोळ्यावर, काप सरळ, एकही खोडकी लांब नाही. ते म्हणाले, "हात चांगला बसला की तुझा."

"हात आधीच बसलेला होता सर," ती म्हणाली. "चूक महिन्याची झाली."

शेवटच्या वर्षी ऑक्टोबर आला तेव्हा तिने रोगशास्त्र विभागातून सही करून सूक्ष्मदर्शक आणला आणि बागेच्या कडेला टेबलावर मांडला. आपल्या ओळीतल्या काही काड्या कापल्या, ब्लेडने प्रत्येक डोळ्याचा काप घेतला आणि भिंगाखाली धरला. डोळ्यात घड असेल तर पांढरट, फांद्या फुटल्यासारखा गोळा दिसतो. नसेल तर बाळी दिसते, म्हणजे वेल ज्याने तारेला धरते तो तंतू. हे करता येते असे पुस्तकात लिहिलेले होते. आमच्यापैकी कोणी करून पाहिलेले नव्हते.

"सर, पाचव्या डोळ्यात बाळी हाय. घड सातव्यात हाय."

"शिफारस पाचची आहे."

"ज्या बागेवरून शिफारस केली तिथं पाचव्यात असंल. इथं न्हाई. डोळा बघा, मंग बोला."

सरांना असे कोणी बोलत नसे. आम्ही कात्र्या थांबवल्या. सर चष्मा कपाळावर सरकवून भिंगावर वाकले. एक काप पाहिला, दुसरा मागितला, तिसरा मागितला. सरळ झाले तेव्हा एवढेच म्हणाले, "तुझ्या ओळीत सात ठेव."

त्या ओळीला त्या वर्षी भरपूर माल होता. बाकीच्या ओळींना कमी-जास्त होता. अकरा वेलींवरून काही सिद्ध होत नाही, असे सरांनी तिला सांगितले. ते बरोबर होते आणि तिनेही मान्य केले. पदव्युत्तर शिक्षणाला तिने हाच विषय घेतला. "डोळा बघा, मंग बोला" हे वाक्य मात्र कँटीनमध्ये राहिले. समोसा शिळा आहे का, यावरही मुले तेच म्हणत.

पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षी तिचे मामा आले. मामा गावाकडे प्राथमिक शिक्षक होते. तिच्या शिक्षणाला घरातून त्यांनीच पाठिंबा दिला होता. हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्यांनी तिचा कृषी खात्यातल्या एका पदासाठी अर्ज भरला होता. परीक्षेच्या दिवशी तिची काड्यांची नोंद होती. एप्रिलच्या छाटणीनंतर दर दहा दिवसांनी काड्या तपासायच्या असा तिचा नेम होता. ती परीक्षेला गेलीच नाही. मी तेव्हा परभणीत नवा वार्ताहर होतो आणि दुसऱ्याच बातमीसाठी महाविद्यालयात गेलो होतो. बागेच्या फाटकाशी मामा उभे होते. चपला उन्हात तापल्या म्हणून एकदा हा पाय उचलत, एकदा तो.

"सरकारी नोकरी लाथाडायलीस तू, कुशे."

"परीक्षा लाथाडली मामा. नोकरी अजून कुठं दिलती कुणी?"

"चेष्टा नको करू. माय-बापाच्या हातातला कोयता कवा सुटायचा मंग? तू साहेब झालीस की सुटंल म्हणून आम्ही दिवस मोजायलोत."

तिने कमरेची कात्री काढली. तिच्यावर वडिलांच्या जुन्या रुमालाचे म्यान होते. कात्री तिने मामांच्या हातात दिली.

"कोयता माझ्याबी हातात होता मामा. मी टाकला न्हाई. बारीक केलाय."

मामांनी कात्री उघडली, मिटली, परत दिली. "अन् ह्याच्यावर कोण नोकरी देणार हाय तुला? आपल्या जिल्ह्यात? बाईमाणसाला?"

"त्याचं उत्तर माझ्याकडं आज न्हाई," ती म्हणाली. "पण अंगूरच करणार."

मामा जेवायला थांबले नाहीत.

नोकरी मिळाली ती जिल्ह्यातच. गंगाखेड तालुक्यातल्या एका मोठ्या बागायतदारांनी, उसाचे शेतकरी ते, राणीसावरगावच्या बाजूच्या मुरमाड उतारावर पाच एकर द्राक्षबाग लावली होती. गावात त्यांना सगळे काका म्हणत. काका बोलायला मऊ होते. त्यांनी तिचा प्रबंध चाळला, चहा मागवला आणि म्हणाले, "फवारणीचं बघा, मणी विरळायला बाया असतात त्यांचं बघा, पॅकिंगचं बघा. छाटणीला तासगावची टोळी येते. त्यांचा मुकादम बघतो ते."

"मी छाटणीसाठीच शिकलेय काका."

"शिकलात ते चांगलंच. पण ती माणसं बाईचं ऐकतील का?"

"माझं नका ऐकू म्हणावं. येलीचं ऐका."

काकांनी तिला वरच्या चार ओळी दिल्या. खडकाळ भाग होता. तिथे फारसे काही येईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. टोळीचे मुकादम तात्या साठीच्या पुढचे होते. ते त्यांच्या भागातल्या सवयीने पाच डोळ्यांवर कापत गेले. कुशावर्ताने आपल्या चार ओळी एकटीने तपासल्या आणि एकटीने कापल्या.

फेब्रुवारीत मी त्या बागेची बातमी केली. माळावर द्राक्ष, असा विषय होता. काकांशी तासभर बोललो, तात्यांशी बोललो. कुशावर्ताशी बोललो तेव्हा चहा चालला होता आणि वही बंद होती. वरच्या ओळींना घड जास्त का, असे मी काकांना विचारले. ते म्हणाले, मातीचा फरक. मी ते लिहिले. बातमी चार कॉलम आली, काकांच्या फोटोसह.

तिचा फोन दुसऱ्या दिवशी आला.

"बातमी वाचली. फोटो झकास आलाय काकांचा."

मी हो म्हणालो.

"वरच्या चार ओळी कुणी छाटल्या तेवढं राहिलं."

"काका मातीचा फरक म्हणाले."

"आन तू लिहिलंस. चार वर्षं शेजारी उभा राहून बघितलंस ना रे, चोवीस नंबर?"

मी खुलासा छापू का, असे विचारले. "नको," ती म्हणाली. "खुलासा कोण वाचतंय. पुढच्या छाटणीला ये. मुलाखत घ्यायला न्हाई, बघायला. यंदा काकांना सांगितलंय मी, पाचही एकर माझ्या तपासणीवर कापायचे. न्हाई तर मी राहत न्हाई."

"काका काय म्हणाले?"

"बघू म्हणले."

त्या वर्षी मे महिन्यातच ढग भरून आले आणि बरेच दिवस हटले नाहीत. काडीच्या डोळ्यात घड तयार होण्याचे दिवस नेमके तेच. ऊन कमी मिळाले की घड जागा सोडतो, पुढच्या डोळ्यात जातो किंवा होतच नाही. हे मला तिनेच पूर्वी सांगितले होते.

ऑक्टोबरमध्ये मी गेलो. त्या सकाळनंतर आमची गाठ पडलेली नाही.

टोळीची चौदा माणसे पहिल्या ओळीशी उभी होती. बागेच्या तोंडाशी दोन क्रेट उपडे ठेवून त्यावर फळी टाकली होती, फळीवर सूक्ष्मदर्शक. कुशावर्ता खाली पोत्यावर बसली होती. एका बाजूला कापून झालेल्या काड्या, दुसऱ्या बाजूला व्हायच्या. प्रत्येक काडीला सुतळीने चिठ्ठी बांधलेली. पश्चिमेकडे आभाळ काळवंडले होते. काका दोन वेळा आत-बाहेर करून आले.

"ताई, किती वेळ अजून? पाऊस आला तर कापलेल्या जागी रोग बसतो म्हणून तुम्हीच सांगता."

"काल निम्म्या काड्या झाल्या. आज खालचा प्लॉट राहिलाय."

"खालचा पाचवर घेऊ. सुरू तरी होईल काम." काका तात्यांकडे वळले. "तात्या, करा सुरुवात."

कुशावर्ताने भिंगावरचा डोळा काढला नाही. "पहिली काडी पडली की मी निघाले काका. पिशवी भरून ठिवलीय शेडमध्ये. ह्यात राग न्हाई. पाचव्यात बाळ्या हायती, आन बाळ्यांसाठी तुम्हाला मी कशाला पाहिजे?"

टोळीतल्या दोघांनी कात्र्या उघडल्या होत्या. ते तात्यांकडे बघत होते. तात्यांनी आपली कात्री मिटली, तिची कडी लावली आणि खिशात ठेवली.

"थांबूया की मालक," ते म्हणाले. "गेल्या साली वरच्या चार ओळीत आमची पोरं घड मोजत हुती. खाली माझ्या ओळीत पानं हुती निम्मी. मी तवाच बघितलं, बोललो न्हाई."

"मातीचा फरक होता तात्या तो."

"माती तीच हाय मालक. वर उलट खडक जास्त."

काका माझ्याकडे वळले. मी बातमी करणारा म्हणून वळले असावेत. मग त्यांनी तिला विचारले, "किती राहिल्या?"

"नऊ काड्या."

काकांनी आभाळाकडे पाहिले. हातातल्या घड्याळाकडे पाहिले. मग शेडच्या दिशेने हाक मारली आणि बसायला खुर्ची आणायला सांगितली.

तात्या खाली बसले, तशी टोळी बसली. चौदा माणसे तारांखाली, हात गुडघ्यांवर ठेवून, त्या फळीकडे तोंड करून. वारा सुटला होता. फळीवरच्या चिठ्ठ्या हलत होत्या. कुशावर्ताने त्यांच्यावर एक दगड ठेवला, पुढची काडी घेतली आणि बुडाकडून तिच्यावर अंगठा फिरवायला सुरुवात केली.